सैल बांधलेली अणुकेंद्रकं मोजायची कशी: नागपुरातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

नेहमीच्या अणुकेंद्रकातून एक न्यूट्रॉन काढायला सात-आठ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा लागते. बेरिलियम-११ मधला शेवटचा न्यूट्रॉन अवघ्या ०.५० एमईव्हीत सुटतो. लिथियम-११ मधले शेवटचे दोन न्यूट्रॉन तर मिळून ०.३७ एमईव्हीत सुटतात. ही केंद्रकं टिकतही नाहीत. बेरिलियम-११ चं अर्धायुष्य १३.८ सेकंद, लिथियम-११ चं ८.७५ मिलिसेकंद. म्हणजे यांचा पत्रा करून टार्गेट म्हणून ठेवणं शक्य नाही. ज्याला मोजायचं त्यालाच बीम करून कार्बन, शिसं, ड्यूटेरियम अशा स्थिर टार्गेटवर सोडायचं, आणि टकरीतून काय बाहेर पडलं त्यावरून मूळ केंद्रक कसं होतं ते काढायचं. या विषयातली सगळी मापनं याच उलट्या रचनेतून येतात.

हा लेख अमरावती रोडच्या विद्यापीठ परिसरात, व्हीएनआयटीत किंवा शहरातल्या कुठल्याही महाविद्यालयात एम.एस्सी. संपवत आलेल्या आणि पीएच.डी.ची सुरुवात केलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. अशा प्रयोगांना लागणारा आयन त्वरक नागपुरात नाही. त्यासाठी मुंबईच्या बीएआरसी-टीआयएफआर पेलेट्रॉनला, दिल्लीच्या आयुकला किंवा कोलकात्याच्या व्हीईसीसीला जावं लागतं. पण प्रयोगाचा अर्ध्याहून जास्त भाग बीम मिळायच्या आधीच होतो, आणि तो इथे बसून करता येतो. बहुतेक प्रयोग फसतात तेही याच भागात.

आधी कागदावर शेपूट मोजा

वर्गात हेलो, म्हणजे घट्ट गाभ्याभोवती सैल न्यूट्रॉनचं पसरलेलं विरळ आवरण, समजावताना नागपुरी संत्र्याचं उदाहरण सुचतं: साल सैल, आतल्या फोडींपासून सुटलेली. उदाहरण बरं आहे, पण एका बाबतीत ते फसवतं. सालीला ठरावीक जागा असते, हेलोतल्या न्यूट्रॉनला कड नसते. केंद्रकीय बलाचा आवाका संपतो त्याच्या पलीकडेही त्याचं तरंगफलन शेपटासारखं हळूहळू विरत जातं, आणि किती हळू ते एकाच संख्येवर ठरतं.

ती संख्या काढायची अशी: न्यूट्रॉन आणि गाभा यांचं क्षपित वस्तुमान घ्या, त्याला सुटण्याच्या ऊर्जेने गुणा, दुप्पट करा, वर्गमूळ काढा आणि १९७.३ ने (ħc, एमईव्ही-फेम्टोमीटरमध्ये) भागा. बेरिलियम-११ साठी क्षपित वस्तुमान ऊर्जेच्या एककात सुमारे ८५४ एमईव्ही आणि सुटण्याची ऊर्जा ०.५०२ एमईव्ही आहे. वर्गमूळ २९.३ येतं, भागून ०.१४८ प्रति फेम्टोमीटर. याचा व्यस्त घेतला की शेपटाची लांबी मिळते, ती ६.७ फेम्टोमीटर. आता हेच गणित ८ एमईव्हीने बांधलेल्या न्यूट्रॉनसाठी करा. उत्तर १.७ फेम्टोमीटर येतं. दोन केंद्रकांतला सगळा फरक या दोन आकड्यांत आहे.

हे गणित हाताने करा. नंतर टकरींचं गणित करणारा फ्रेस्कोसारखा प्रोग्रॅम चालवताना काही बिनसलं तर हाच आकडा चूक दाखवून देतो. सुटण्याची ऊर्जा चुकून ५ एमईव्ही भरली तर प्रोग्रॅम तक्रार करत नाही. निमूटपणे सुंदर आलेख काढतो, फक्त तो दुसऱ्याच केंद्रकाचा असतो.

काय मोजायचं, त्यावरून टक्कर निवडा

नवख्या विद्यार्थ्याचा प्रस्ताव बहुतेक वेळा "अमुक केंद्रकाचा अभ्यास" अशा शब्दांनी सुरू होतो. तिथेच थांबून विचारा, नेमकी कुठली संख्या हवी? आकार, कोनीय संवेग, गाभ्याची अवस्था, द्विध्रुवी प्रतिसाद (विद्युत धक्क्याने गाभा आणि न्यूट्रॉन किती सहज वेगळे होतात) या वेगवेगळ्या संख्या आहेत आणि प्रत्येकीची टक्कर वेगळी आहे.

आकार हवा असेल तर पारगमन पद्धत सर्वांत सरळ. किती केंद्रकं आली आणि टार्गेट ओलांडून किती शाबूत गेली, एवढंच मोजायचं. १९८५ साली तानिहाता आणि सहकाऱ्यांनी बर्कलीच्या बेव्हलॅकवर प्रति न्यूक्लिऑन ७९० एमईव्हीच्या बीमने हेच केलं. कार्बनवर लिथियम-९ चा क्रॉस सेक्शन (टकरीची शक्यता सांगणारं क्षेत्रफळ) ७९६ मिलिबार्न आला, लिथियम-११ चा १०४० मिलिबार्न. दोन गोल एकमेकांना घासले की टक्कर झाली, असं साधं चित्र धरून कार्बनची त्रिज्या २.६१ फेम्टोमीटर घ्या. मग लिथियम-९ ची त्रिज्या २.४१ आणि लिथियम-११ ची ३.१४ फेम्टोमीटर येते. दोन न्यूट्रॉन वाढले म्हणून नेहमीच्या घनमूळ नियमाने ती फार तर २.५८ व्हायला हवी होती. हे तिन्ही आकडे स्वतः काढून पाहा. वहीची चार ओळींची जागा लागते, आणि एका साध्या मोजणीतून हेलोची कल्पना कशी निघाली ते नीट उमगतं.

शेवटचा न्यूट्रॉन कुठल्या कक्षेत आहे हे हवं असेल तर नॉकआउट. प्रति न्यूक्लिऑन ५०-१०० एमईव्हीचा बीम बेरिलियम-९ च्या टार्गेटवर सोडतात. एक न्यूट्रॉन उडतो, गाभा पुढे जातो. गाभ्याच्या बीमच्या दिशेतल्या संवेगाचा पसारा मोजायचा. अनिश्चिततेच्या तत्त्वाने जागेतला पसारा मोठा तर संवेगातला लहान. वरच्या ०.१४८ वरून अर्ध्या उंचीवरची रुंदी सुमारे ५९ एमईव्ही/सी निघते, प्रत्यक्षात मोजलेली आहे सुमारे ४४. ही तफावत चूक नव्हे. न्यूट्रॉन गाभ्याजवळ असताना टक्कर झाली तर गाभाही फुटतो आणि ती घटना मोजणीत येतच नाही. जे मोजलं जातं ते बाहेरच्या शेपटाचं, आणि शेपटातला संवेग कमी असतो. नेहमीच्या केंद्रकांत हीच रुंदी दोनशेच्या आसपास असते. न्यूट्रॉन एस कक्षेऐवजी डी कक्षेत असेल तर वक्र रुंद आणि माथ्याला चपटा होतो. कक्षा ओळखण्याची खूण हीच.

आता अडचण पाहा. प्रति न्यूक्लिऑन ६० एमईव्हीला बेरिलियम-१० चा एकूण संवेग सुमारे ३४०० एमईव्ही/सी असतो. ४४ म्हणजे त्याच्या १.३ टक्के. बीमचा स्वतःचाच संवेग दोन-तीन टक्के पसरलेला असेल तर तुम्ही केंद्रक मोजत नाही, बीमलाइन मोजता. त्यामुळे एकतर स्पेक्ट्रोमीटर असा जुळवायचा की बीमचा पसारा शेवटी रद्द होईल, नाहीतर प्रत्येक येणाऱ्या केंद्रकाचा संवेग आधी मोजून ठेवायचा. टार्गेटची जाडीही यातच बसवावी लागते. टक्कर टार्गेटच्या सुरुवातीला झाली की शेवटी यावरून गाभ्याची ऊर्जा बदलते, आणि हा फरक रुंदीत मिसळतो.

नॉकआउटबरोबर गॅमा डिटेक्टर लावणं ऐच्छिक नाही. उरलेला गाभा मूळ अवस्थेतच आहे असं गृहीत धरता येत नाही. बेरिलियम-१० ची पहिली उत्तेजित अवस्था ३.३६८ एमईव्हीवर आहे आणि काही टकरींत गाभा तिथे पोचतो. तिचा गॅमा धावत्या केंद्रकातून निघतो म्हणून डॉपलर दुरुस्ती लागते. वेग प्रकाशाच्या ०.३४ पट असेल तर ३० अंशांवरच्या डिटेक्टरला तो सुमारे ४५०० केईव्हीला दिसतो, ९० अंशांवर ३१६४ ला आणि १५० अंशांवर २४४० ला. दुरुस्ती केल्यावर सगळ्या कोनांतली शिखरं एका रेषेत आली पाहिजेत. कोनाबरोबर शिखर सरकत असेल तर वेग चुकीचा घेतला आहे. बहुतेक वेळा टार्गेटच्या मध्याचा वेग घ्यायच्या ऐवजी टार्गेटच्या आधीचा घेतलेला असतो.

द्विध्रुवी प्रतिसाद हवा असेल तर शिशाच्या टार्गेटवर कूलॉम्ब बलाने फोडायचं. शिशाचा ८२ चा विद्युतभार जवळून झर्रकन गेला की केंद्रकाला तो आभासी फोटॉनांच्या झोतासारखा भासतो. गाभ्याला धक्का बसतो, न्यूट्रॉनला बसत नाही, आणि सैल जोडी सुटते. साध्या शेपटाच्या प्रतिमानात या प्रतिसादाचं शिखर सुटण्याच्या ऊर्जेच्या ०.६ पट सापेक्ष ऊर्जेवर येतं, म्हणजे बेरिलियम-११ साठी ०.३० एमईव्हीवर. उलटही वापरता येतं: कार्बन-१९ ची सुटण्याची ऊर्जा थेट वस्तुमानावरून नीट ठरत नव्हती, तेव्हा १९९९ साली कूलॉम्बने फोडण्याच्या अशाच मापनातून ती ०.५३ एमईव्ही काढली गेली.

ड्यूटेरॉनकडून न्यूट्रॉन घेणाऱ्या किंवा त्याला देणाऱ्या अभिक्रिया कक्षा आणि तिच्यातला वाटा अचूक देतात. पण त्यांना कमी ऊर्जेचा, चांगल्या दर्जाचा बीम लागतो. पहिल्या प्रयोगाला त्या निवडू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

भारतात काय करता येतं

वर सांगितलेले वेगवान किरणोत्सारी बीम जपानमधल्या रिकेन, जर्मनीतल्या जीएसआय, फ्रान्समधल्या गॅनिल आणि अमेरिकेतल्या फ्रिब अशा ठिकाणी मिळतात. दिल्लीच्या आयुकमध्ये हिरा या विभाजकाच्या मदतीने लिथियम-७ चा बीम हायड्रोजनवर आपटून बेरिलियम-७ चा बीम तयार केला गेला आहे. पण शिकाऊ माणसाला सर्वांत जवळचा रस्ता वेगळा आहे: स्थिर तरीही सैल बांधलेली केंद्रकं. लिथियम-६ हे अल्फा आणि ड्यूटेरॉनमध्ये १.४७ एमईव्हीत फुटतं, लिथियम-७ हे अल्फा आणि ट्रिटॉनमध्ये २.४७ एमईव्हीत, बेरिलियम-९ मधला न्यूट्रॉन १.६७ एमईव्हीत सुटतो. यांचे बीम पेलेट्रॉनवर नॅनोअँपिअरमध्ये मिळतात. म्हणजे हेलो केंद्रकांवर प्रति सेकंद काही हजार कणांत जे शिकावं लागतं ते इथे अब्जावधींत शिकता येतं. शिसं किंवा बिस्मथसारख्या जड टार्गेटवर या केंद्रकांचं पूर्ण संमीलन (न फुटता टार्गेटच्या केंद्रकात मिसळणं) अपेक्षेपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं. का, यावर अजून काम चालू आहे, त्यामुळे हा प्रयोग नुसता सरावाचा नव्हे.

ऊर्जा ठरवायला सोपं सूत्र आहे. टँडेम त्वरकात ऋण आयन टर्मिनलपर्यंत एकदा वेग घेतो, तिथे इलेक्ट्रॉन गमावतो आणि परत दूर ढकलला जातो. म्हणून ऊर्जा म्हणजे विद्युतभार अधिक एक, गुणिले टर्मिनलचं व्होल्टेज. तीन विद्युतभाराच्या लिथियम-६ ला ८ दशलक्ष व्होल्टला ३२ एमईव्ही मिळतात. शिसे-२०८ बरोबर वस्तुमानकेंद्राच्या चौकटीत ते ३१.१ होतात, आणि या जोडीचा कूलॉम्ब अडसर (विद्युतभारांच्या प्रतिकर्षणावर मात करायला लागणारी ऊर्जा) आहे सुमारे ३० एमईव्ही. अडसराच्या खाली-वर दोन-दोन एमईव्हीच्या पायऱ्यांनी पाच-सहा ऊर्जा घ्या.

वजा काय करायचं ते आधी ठरवा

या लेखातली आमच्या लेखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही. सैल केंद्रकाच्या प्रयोगात हवी ती संख्या कधीच थेट मिळत नाही, दोन मापनांच्या वजाबाकीतून मिळते. आणि दुसऱ्या मापनाला बीमटाइम मागितलेलाच नसतो.

पारगमनाचं उदाहरण घ्या. २ ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर कार्बनमध्ये प्रति चौरस सेंटिमीटर १.० गुणिले १० चा २३ वा घात इतकी केंद्रकं असतात. लिथियम-११ साठी यातून सुमारे १० टक्के कण टकरतात. एक लाख कण मोजले तर क्रॉस सेक्शनची सांख्यिकी त्रुटी १ टक्का येते. पण टार्गेट काढल्यावरही तीन टक्के कण वाटेतल्या डिटेक्टरांत आणि खिडक्यांत हरवतात असं धरा. रिकाम्या टार्गेटचेही एक लाख कण घेतले तर त्यातून ०.५ टक्के त्रुटी भर पडते. तिथे फक्त पाच हजार घेतले तर हीच त्रुटी २.४ टक्क्यांवर जाते आणि टार्गेट लावून केलेली सगळी मेहनत वाया जाते.

शिशावर फोडताना वजा करायचा असतो केंद्रकीय बलाचा वाटा. त्यासाठी तेवढाच नेटका रन कार्बन टार्गेटवर घ्यायचा आणि योग्य गुणकाने गुणून वजा करायचा. गुणक नुसत्या त्रिज्यांच्या बेरजांच्या गुणोत्तराने काढला तर बेरिलियम-११ साठी सुमारे १.८ येतो. गणिताची पद्धत बदलली की तो बदलतो. म्हणून निकाल दोन-तीन गुणकांनी काढून पाहा आणि जो फरक पडेल तो त्रुटीत लिहा. शिवाय लहान कोनांतल्या घटना वेगळ्या काढून पाहा. तिथे केंद्रकं दुरून गेलेली असतात, कूलॉम्बचाच वाटा उरतो, आणि वजाबाकी न करताच वक्राचा आकार तपासता येतो.

ड्यूटेरियमयुक्त पॉलिथिलीन वापरलं तर साध्या कार्बनचा रन, न्यूट्रॉन मोजत असाल तर टार्गेटविना रन, बीममध्ये दुसरी केंद्रकं मिसळली असतील तर त्यांच्याही घटना. एकूण वेळेचा किमान तिसरा भाग अशा रनना ठेवा. प्रस्तावात तो स्वतंत्र ओळीत दाखवा, म्हणजे ऐनवेळी कोणी तो कापणार नाही.

घटना किती मिळतील

प्रस्ताव लिहिताना हा हिशेब पायरीपायरीने करा. लिथियम-६ चा १ पार्टिकल नॅनोअँपिअर बीम म्हणजे सेकंदाला ६.२४ अब्ज कण. इथे नवखे हमखास चुकतात. फॅरडे कपवर दिसणारा करंट विद्युतभाराचा असतो. तीन भाराच्या लिथियमसाठी कपवर ६ नॅनोअँपिअर दिसले तर कणांचे फक्त २ असतात.

शिसे-२०८ चं २०० मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरचं टार्गेट घ्या. त्यात ५.८ गुणिले १० चा १७ वा घात इतकी केंद्रकं. डिटेक्टरपुढे ५ मिलिमीटर व्यासाचा कॉलिमेटर, टार्गेटपासून २५ सेंटिमीटरवर. घनकोन ०.३१ मिलिस्टेरेडियन. क्रॉस सेक्शन प्रति स्टेरेडियन १० मिलिबार्न असेल तर तासाला सुमारे ४१ घटना मिळतात. पाच टक्के त्रुटीला ४०० घटना हव्यात, म्हणजे एका कोनाला १० तास. एक टक्का हवा असेल तर साधारण अडीचशे तास, आणि तेवढे कोणी देत नाही. उपाय तीनच: बीम ५ पार्टिकल नॅनोअँपिअरपर्यंत वाढवा, अनेक कोन एकदम मोजणारे पट्टीदार सिलिकॉन डिटेक्टर लावा, किंवा मागच्या कोनांत त्रुटी मोठी चालेल हे मान्य करा. टार्गेट जाड करणं हा उपाय दिसतो, पण ऊर्जेची नेमकी किंमत धूसर होते. अडसराजवळ अर्ध्या एमईव्हीचाही फरक मोठा असतो.

किरणोत्सारी बीमला हाच हिशेब उलटतो. सेकंदाला १०,००० बेरिलियम-११ आणि २०० मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर शिसं घेतलं, फुटण्याचा क्रॉस सेक्शन सुमारे १.८ बार्न, तर सेकंदाला १० घटना. न्यूट्रॉन डिटेक्टरची कार्यक्षमता १५ टक्के धरली तरी दीड. त्याच बीमने १ मिलिग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरच्या ड्यूटेरियमयुक्त पॉलिथिलीनवर १० मिलिबार्नची अभिक्रिया केली तर तासाला सत्तावीस. पहिल्या प्रयोगाला कूलॉम्बने फोडणं का बरं, ते इथे दिसतं.

टेबलावरची तयारी, नागपूरच्या हवेत

विभागात एक लहान व्हॅक्यूम चेंबर, सिलिकॉन सरफेस बॅरिअर डिटेक्टर, प्रीअँप्लिफायर, शेपिंग अँप्लिफायर, मल्टिचॅनेल अ‍ॅनालायझर आणि अल्फा सोर्स असला की महिनाभर पुरेल एवढं शिकता येतं. सोर्स विभागाच्या किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याच्या नोंदीशिवाय कपाटाबाहेर काढायचा नाही, आणि स्वतःच्या बॅगेत घालून मुंबई-दिल्लीला न्यायचा तर मुळीच नाही.

क्रम असा ठेवा. डिटेक्टर बसवा, सोन्याच्या पृष्ठभागाला बोट लावू नका. चेंबर बंद करून पंप चालू करा आणि १० चा उणे ५ वा घात मिलिबारखाली गेल्याशिवाय बायस (डिटेक्टर चालवणारं व्होल्टेज) देऊ नका. मधल्या दाबात हवेतून ठिणगी सहज उडते आणि तिने डिटेक्टर मरतो. बायस १०-१० व्होल्टने चढवा, प्रत्येक पायरीला लीकेज करंट लिहा. करंट स्थिर न होता चढतच राहिला तर मागे या. खिडकीतून प्रकाश येत असेल तर झाका; हे डिटेक्टर प्रकाशालाही प्रतिसाद देतात. बंद करताना आधी बायस उतरवा, मग कोरडा नायट्रोजन हळू सोडा. एकदम हवा सोडली तर २५ मायक्रॉनचा पातळ डिटेक्टर काचेसारखा फुटतो.

आता इथल्या उन्हाळ्याचं. सिलिकॉनचा लीकेज करंट दर सात-आठ अंशांना दुप्पट होतो. जानेवारीत २४ अंशांना अर्धा मायक्रोअँपिअर असणारा डिटेक्टर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत २ मायक्रोअँपिअर घेतो. प्रीअँप्लिफायरमध्ये १० मेगओहमचा रोध असेल तर जानेवारीत ५ व्होल्ट तिथे पडतात, मेमध्ये २०. सप्लायवर ६० दिसतात आणि डिटेक्टरला मिळतात ४०. शिखर रुंदावतं, खाली सरकतं, आणि विद्यार्थी अँप्लिफायर बदलत बसतो. म्हणून रोज करंट पाहून पडलेलं व्होल्टेज भरून काढा आणि खोलीचं तापमान नोंदवहीत लिहा. खोलीला कूलर लावू नका. नागपुरात सवयीने लावला जातो, पण त्याची ओल आणि धूळ उघड्या डिटेक्टरवर आणि हाय व्होल्टेजच्या जोडांवर बसते. एसी नसेल तर मोजणी पहाटे करा. वीज गेली तर बायस आपोआप शून्यावर जाईल आणि परत आल्यावर स्वतःहून चढणार नाही, अशी मांडणी ठेवा.

प्लुटोनियम-२३९, अमेरिशियम-२४१ आणि क्युरियम-२४४ असा तिहेरी सोर्स असेल तर ५.१६, ५.४९ आणि ५.८१ एमईव्हीची तीन शिखरं मिळतात. त्यांवर सरळ रेषा बसवा. पण पेलेट्रॉनवर तुम्हाला ३० एमईव्ही मोजायचे आहेत. ५ वरून ३० वर रेषा लांबवणं म्हणजे चुकीला सहापट वाट देणं. म्हणून बीमवर गेल्यावर सोन्याच्या पातळ टार्गेटवरचं स्थितिस्थापक शिखर दोन-तीन ऊर्जांना घ्या आणि तेही रेषेत धरा.

कण ओळखायला पातळ डिटेक्टरमागे जाड, अशी दुर्बीण लागते. पातळातली हानी विद्युतभाराच्या वर्गावर आणि वेगावर ठरते, म्हणून लिथियम, अल्फा, ड्यूटेरॉन आलेखावर वेगवेगळ्या पट्ट्यांत पडतात. टेबलावर एक गोष्ट गोंधळात टाकते: ५.५ एमईव्हीच्या अल्फाचा सिलिकॉनमधला पल्ला सुमारे २८ मायक्रॉनच असतो. २५ मायक्रॉनच्या डिटेक्टरमागे जवळजवळ काहीच पोचत नाही. मागचा डिटेक्टर मेलेला नसतो. तो वेगळा काढून तपासा.

बीमवर पोचल्यावर

बीमटाइम आठ तासांच्या पाळ्यांत मिळतो. पहिली पाळी जुळवणीत जाते हे धरूनच चाला. टार्गेटच्या जागी क्वार्ट्झ ठेवून बीमचा ठिपका बघा. तो २-३ मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर कोनाचा अर्थ जातो. बीमच्या डाव्या-उजव्या बाजूंना समान कोनावर, समजा २० अंशांवर, दोन मॉनिटर डिटेक्टर लावा. तिथे रदरफर्ड विकिरण (फक्त विद्युतभारांच्या प्रतिकर्षणाने होणारं) असतं, त्यामुळे बीम आणि टार्गेटची जाडी यांचा गुणाकार एकदम निघतो. दोन मॉनिटरांचं गुणोत्तर तासातासाला लिहा. ते सरकलं म्हणजे ठिपका सरकला. अडसराच्या बऱ्याच खालच्या ऊर्जेला सगळ्याच डिटेक्टरांत रदरफर्ड असतं. तिथे एक रन घेऊन घनकोनांची गुणोत्तरं ठरवा. फुटपट्टीने मोजलेल्या घनकोनांवर विसंबू नका.

डेड टाइम, म्हणजे यंत्रणा आधीच्या घटनेत गुंतल्याने वाया जाणारा वेळ, पल्सरने मोजा. मॉनिटरचा दर जास्त आणि मागच्या कोनांचा कमी असतो. दोघं एकाच ट्रिगरमध्ये असतील तर मॉनिटरच सगळा वेळ खातो. मॉनिटरचा ट्रिगर शंभराला एक असा विरळ करा.

फुटलेले तुकडे जोडताना

न्यूट्रॉन आणि गाभा एकत्र मोजणाऱ्या प्रयोगात सापेक्ष ऊर्जा दोघांच्या एकूण ऊर्जा आणि संवेगावरून काढतात. आधी भूमिती तपासा. प्रति न्यूक्लिऑन ६० एमईव्हीला ०.३ एमईव्ही सापेक्ष ऊर्जेचा न्यूट्रॉन फार तर ३.८ अंश बाजूला जातो, १० मीटरवर सुमारे ६६ सेंटिमीटर. दीड मीटर रुंदीची न्यूट्रॉन डिटेक्टरांची भिंत त्याला पुरते. पण ३ एमईव्हीला तो दोन मीटरच्या पलीकडे जातो आणि निसटतो. म्हणून वक्राची उजवी बाजू खाली आली की ती केंद्रकाची आहे की भिंतीच्या कडेची, हे सिम्युलेशनशिवाय सांगता येत नाही. हे सिम्युलेशन जिआंट-४ या प्रोग्रॅममध्ये नागपुरातल्या साध्या संगणकावर होतं. ते प्रयोगाआधी करा.

न्यूट्रॉन १० मीटरला सुमारे ९७ नॅनोसेकंद घेतो. ०.३ नॅनोसेकंदाची वेळेची त्रुटी ०.३ एमईव्हीजवळ सापेक्ष ऊर्जेत सुमारे १० टक्के होते. प्लॅस्टिक सिंटिलेटरची कार्यक्षमता जाडीच्या दर सेंटिमीटरला साधारण एक टक्का असते, म्हणून भिंत जाड करावी वाटते. जाड केली की एकच न्यूट्रॉन दोन पट्ट्यांना धडकून दोन न्यूट्रॉनांसारखा दिसतो. लिथियम-११ सारख्या दोन न्यूट्रॉनांच्या हेलोत ही खोटी जोडी थेट निकालात शिरते. ती ओळखायची रीत अशी: फक्त एकच न्यूट्रॉन निघतो हे नक्की माहीत असलेली अभिक्रिया त्याच भिंतीवर मोजा. तिथे दिसणाऱ्या सगळ्या जोड्या खोट्या. बेरिलियम-११ चा रन म्हणूनच लिथियम-११ च्या प्रयोगातही मागून घ्यावा.

निकाल लिहिताना सांख्यिकी त्रुटी आणि गुणक, कार्यक्षमता, टार्गेटची जाडी यांतून येणारी त्रुटी वेगवेगळ्या स्तंभांत द्या. नॉकआउटमध्ये मोजलेला आणि कवच प्रतिमानाने दिलेला क्रॉस सेक्शन यांचं गुणोत्तर सैल न्यूट्रॉनसाठी १ च्या जवळ येतं आणि घट्ट बांधलेल्यांसाठी बरंच खाली. याचा अर्थ काय यावर मतभेद आहेत. तुमचं उत्तर ०.६ आलं तर भौतिकीला नवीन काही सापडलं असं लिहिण्याआधी टार्गेट परत तराजूवर ठेवा आणि रिकाम्या टार्गेटचा रन पुन्हा उघडा.